एडिट केलेल्या फोटोचा रंग बदलतोय? स्लायडरला हात लावण्याआधी आकडा बघा

"कॉम्प्युटरवर फोटो छान दिसत होता. मोबाइलवर पाठवला तर फिका पडला. लॅबमधून प्रिंट आली ती काळपट. पत्रिकेवर छापला तर शालूचा रंगच वेगळा." फोटो एडिटिंग नव्यानं शिकणारे आणि लग्नकार्याची कामं घेणारे ही तक्रार सतत करतात. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: सॅचुरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, वाढवतात आणि फाइल पुन्हा पाठवतात. तेवढ्यापुरता एका जागी फोटो बरा दिसतो, पण बाकी सगळीकडे बिघडतो. पुढच्या कामात तीच अडचण पुन्हा उभी राहते, कारण मूळ बिघाड तिथेच असतो.

रंग बदललेला दिसतो तेव्हा दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते. एक तर फाइलमधले आकडे बदललेले असतात, किंवा आकडे तेच असून ते वाचण्याची पद्धत बदललेली असते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. आधी हे ठरवल्याशिवाय केलेली प्रत्येक दुरुस्ती अंदाजानं होते.

पहिली तपासणी

तुमची एडिट केलेली फाइल आणि "रंग बदललेली" फाइल, दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी उघडा. आयड्रॉपर (टेकवलेल्या जागेचा रंग वाचणारं साधन) घ्या आणि त्याचं सॅम्पल साइज पाच बाय पाच अॅव्हरेज करा, कारण एकाच पिक्सेलवर विसंबलं तर नॉइजमुळे, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणामुळे, फसगत होते. फोटोशॉपमध्ये इन्फो पॅनल उघडा, गिंपमध्ये पॉइंटर डायलॉग. आता दोन्ही फाइलींत एकाच जागी, समजा नवरीच्या कपाळावर, कर्सर ठेवा आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे लिहून घ्या. दोन्ही फाइलींचं कलर प्रोफाइल, म्हणजे हे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी फाइलमधली नोंद, कोणतं तेही लिहा.

आकडे सारखे आणि प्रोफाइलही सारखं असेल, तर फाइल ठणठणीत आहे. फरक स्क्रीनचा किंवा बघण्याच्या अॅपचा आहे, फाइलला हात लावू नका. आकडे सारखे पण एका फाइलचं प्रोफाइल गायब किंवा वेगळं असेल, तर आकडे वाचण्यात गोंधळ झालाय. आकडे वेगळे, प्रोफाइलही वेगळं, पण दिसायला दोन्ही सारखे, तर रूपांतर नीट झालंय, काळजीचं कारण नाही. आकडेही वेगळे आणि दिसायलाही वेगळे असतील, तरच मधे कुणीतरी फोटोत फेरफार केलाय. एक-दोन अंकांचा फरक जेपेग पुन्हा सेव्ह झाल्यानंही पडतो, तो सोडून द्या.

ही तपासणी समजायला तीन शब्द पुरतात. पिक्सेल म्हणजे चित्राचा सगळ्यात छोटा ठिपका. त्याच्या रंगाचे तीन घटक तीन चॅनलमध्ये साठवलेले असतात: आर, जी आणि बी. आणि प्रत्येक चॅनलमध्ये किती पायऱ्या मिळणार हे बिट डेप्थ ठरवते. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनलला ८ बिट, म्हणजे ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. तिन्ही मिळून १,६७,७७,२१६ रंग. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरनं टिपलेली कच्ची माहिती) १२ बिट असतील तर ४,०९६ पायऱ्या, १४ बिट असतील तर १६,३८४.

फोटो फिका पडतो, चेहरे मळकट दिसतात

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण हीच, आणि तिचं मूळ प्रोफाइलमध्ये असतं. कागदावर नुसतं "१०" लिहिलं तर ते दहा किलो की दहा तोळे हे कळत नाही. पिक्सेलमधल्या आकड्याचंही तसंच आहे. "लाल २१९" म्हणजे नेमका किती लाल, हे त्या फाइलला जोडलेलं प्रोफाइल सांगतं.

रोजच्या कामात तीन कलर स्पेस, म्हणजे आकड्यांना रंग नेमून देणाऱ्या पद्धती, भेटतात. एसआरजीबी ही एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये मांडली, त्या काळच्या काचेच्या मॉनिटरांना जेवढे रंग दाखवता येत होते त्या बेतानं. १९९९ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. वेब, मोबाइल अॅप आणि बहुतेक फोटो लॅब आजही तीच धरून चालतात. अॅडोबी आरजीबी १९९८ सालची. हिरव्या आणि निळसर हिरव्या रंगांच्या बाजूला ती एसआरजीबीपेक्षा बरीच मोठी आहे, कारण छपाईच्या शाईला जमणारे तिकडचे काही रंग एसआरजीबीत मावत नव्हते. तिसरी डिस्प्ले पी-३. आयफोन ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, आयफोनचे फोटो या स्पेसमध्ये येतात.

आता एकच रंग या तिघींत कसा लिहिला जातो ते पाहा. एसआरजीबीतला सर्वांत गडद लाल म्हणजे २५५, ०, ०. डोळ्यांना अगदी तसाच दिसणारा लाल अॅडोबी आरजीबीत २१९, ०, ० असा लिहावा लागतो, आणि डिस्प्ले पी-३ मध्ये साधारण २३४, ५१, ३५. रंग एकच, लिहिण्याचे आकडे तीन.

फाइल अॅडोबी आरजीबीत आहे आणि तिच्यावरचं प्रोफाइल वाटेत गळून पडलं असं समजा. समोरचं अॅप काय करतं? प्रोफाइल नाही म्हणजे एसआरजीबी असणार असं धरतं, आणि २१९ हा आकडा एसआरजीबीचा म्हणून वाचतं. तिथे २१९ म्हणजे बराच कमी लाल. कुंकू विटकरी दिसतं, त्वचेतला गुलाबीपणा जातो, चेहरे मळकट होतात. फोटोत कुणीही काही बदललेलं नसतं.

यावर उपाय दोन पायऱ्यांचा आहे आणि क्रम चुकला तर नुकसान होतं. असाइन प्रोफाइल ही आज्ञा आकडे तसेच ठेवते आणि फक्त "हे आकडे अमुक स्पेसचे समजा" असं सांगते, त्यामुळे दिसणं बदलतं. कन्व्हर्ट टू प्रोफाइल ही आज्ञा दिसणं शक्यतो तसंच ठेवते आणि आकडे बदलते. फोटोशॉपमध्ये दोन्ही एडिट मेनूत शेवटी शेवटी आहेत, गिंपमध्ये इमेज मेनूतल्या कलर मॅनेजमेंटमध्ये. फिकी पडलेली फाइल आधी अॅडोबी आरजीबीला असाइन करा. रंग जागच्या जागी परत आले, चेहरे माणसासारखे दिसले, तर निदान बरोबर. मग ती एसआरजीबीत कन्व्हर्ट करा आणि सेव्ह करताना प्रोफाइल जोडण्याची खूण लावा. पहिली पायरी गाळून थेट कन्व्हर्ट केलं तर मळकट रंगच आकड्यांत पक्के होतात. तशी फाइल सेव्ह करून मूळ प्रत काढून टाकली असेल तर पुढचं काम फार किचकट होतं.

मुळात अॅडोबी आरजीबी आली कुठून, हा पुढचा प्रश्न. कॅमेऱ्याच्या मेनूत कलर स्पेसचं सेटिंग असतं. ते फक्त जेपेगला लागू पडतं, रॉ फाइलला नाही. आणि ओळखण्याची सोपी खूण फाइलच्या नावातच असते: अॅडोबी आरजीबीत काढलेल्या फोटोचं नाव अंडरस्कोरनं सुरू होतं. निकॉनमध्ये अंडरस्कोर-डीएससी, कॅननमध्ये अंडरस्कोर-एमजी असं. एका लग्नात दोन कॅमेरामन असतील आणि एकाच्या फायलींना सुरुवातीला अंडरस्कोर दिसत असेल, तर अल्बम लावण्याआधीच सगळ्या फायली एका स्पेसमध्ये आणा. निम्म्या पानांवर चेहरे गोरे आणि निम्म्या पानांवर मळकट अशा अल्बमचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये प्रोफाइल जुळत नसेल किंवा नसेलच तर उघडताना विचारावं, असा पर्याय आहे. तो चालू ठेवा. दरवेळी खिडकी उघडते म्हणून अनेक जण तो बंद करतात. ती खिडकी त्रासाची वाटली तरी नेमका हाच घोळ ती सुरुवातीलाच पकडून देते.

मोरपंखी पैठणीसारख्या निळसर हिरव्या रंगाचा प्रश्न थोडा निराळा आहे. असे गडद रंग मोठ्या स्पेसमधून एसआरजीबीत आणताना मावत नाहीत. कुठल्याही स्पेसला किंवा यंत्राला जेवढे रंग झेपतात त्या आवाक्याला गॅमट म्हणतात. त्याच्या बाहेरचे रंग काठावर आणून चेपले जातात आणि काठापदरावरची नक्षी एकाच रंगाचा पट्टा होऊन बसते. इथे कन्व्हर्ट करण्याआधी, १६ बिटमध्ये काम चालू असतानाच, फक्त त्या रंगाचं सॅचुरेशन थोडं खाली आणा. एचएसएल पॅनलमध्ये (तिथे प्रत्येक रंग वेगळा बदलता येतो) अॅक्वा आणि ग्रीन हे दोनच स्लायडर लागतात. रंग किंचित शांत होतो, पण विणकाम दिसतं, आणि पैठणीत विणकाम दिसायलाच हवं.

फाइल ठीक, पण दिसते वेगळी

आकडे आणि प्रोफाइल जुळले तर स्क्रीनकडे वळा. मोबाइलवर डिस्प्ले मोड "व्हिव्हिड" असेल तर तो "नॅचरल" करून पाहा. संध्याकाळी आपोआप चालू होणारा नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट बंद आहे ना, ते बघा. तो चालू ठेवून व्हाइट बॅलन्स केला तर सकाळी सगळे फोटो निळसर दिसतात. एकाच अॅपमध्ये पांढरा भाग पिवळट दिसत असेल आणि बाकीच्यांत नसेल, तर विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये मॉनिटरला चुकीचं प्रोफाइल चिकटलंय का ते पाहा आणि तिथे तात्पुरतं एसआरजीबी डीफॉल्ट करा.

"प्रिंट काळपट आली" या तक्रारीत माझा पहिला संशय नेहमी मॉनिटरच्या ब्राइटनेसवर असतो. नवा मॉनिटर पेटीतून निघतो तेव्हा दुकानात उठून दिसावा इतका प्रखर ठेवलेला असतो. छपाईसाठी काम करायला चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला (उजेड मोजण्याचं एकक) एवढा ब्राइटनेस पुरतो. त्याहून फार प्रखर स्क्रीनवर फोटो उजळ दिसतो, मग तुम्ही तो आणखी उजळत नाही, आणि कागदावर तो काळपट उतरतो. मोजायचं उपकरण नसेल तर मॉनिटरशेजारी खोलीच्या उजेडात कोरा पांढरा कागद धरा, स्क्रीनवर पांढरं पान उघडा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. कामचलाऊ आहे, पण प्रिंट वाया जाणं बरंच कमी होतं. रोजीरोटीच या कामावर असेल तर स्पायडर किंवा कॅलिब्राइटसारखं कॅलिब्रेशनचं उपकरण घ्याच. ते स्क्रीनवरचे रंग मोजून त्या मॉनिटरचं स्वतःचं प्रोफाइल बनवून देतं. लेन्सवर खर्च करण्याआधी यावर करावा असं माझं ठाम मत आहे.

लाल शालू सपाट दिसतो

आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोंत ही अडचण हमखास येते. हिस्टोग्राम अगदी व्यवस्थित, चेहऱ्यावर तपशील आहे, कुठे पांढरा डाग नाही, आणि तरी लाल शालू पोस्टर रंगानं रंगवल्यासारखा. चुण्या नाहीत, बुट्टे नाहीत. झेंडूच्या तोरणातही हाच प्रकार होतो.

हिस्टोग्राम म्हणजे कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख: डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. उजवीकडच्या भिंतीला आलेख चिकटला की तिथला तपशील गेला, याला क्लिपिंग म्हणतात. पण आपण सहसा एकूण उजेडाचा आलेख बघतो. आणि एकूण उजेड काढताना तिन्ही चॅनल सारखे धरत नाहीत: हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. शालूच्या एखाद्या जागी आकडे २५५, ३०, ४५ असतील, तर लाल चॅनल भिंतीला थडकलाय. पण हिरवा आणि निळा इतके खाली आहेत की एकूण उजेड आलेखाच्या उजव्या भिंतीपासून बराच लांब दिसतो. आलेख निर्धास्त करतो आणि शालू सपाट होतो.

म्हणून हिस्टोग्राम तिन्ही चॅनल वेगवेगळे दिसतील असा लावा. कॅमेरा रॉ किंवा लाइटरूममध्ये ऑल्ट दाबून व्हाइट्सचा स्लायडर हलवला तर कोणता चॅनल कुठे क्लिप होतोय ते त्या रंगात उजळून दिसतं.

रॉ फाइल असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवा, एचएसएलमध्ये लाल रंगाचं सॅचुरेशन आणि ल्युमिनन्स (उजळपणा) हळूहळू खाली आणा, आणि नजर लाल चॅनलच्या आलेखावर ठेवा. तो भिंतीपासून सुटला की चुण्या परत दिसायला लागतात. पुष्कळदा लाल रंग रॉमध्ये शाबूत असतो आणि एसआरजीबीत उतरवताना चेपला जातो.

फक्त जेपेग असेल तरी आशा सोडू नका. लाल चॅनल २५५ वर सपाट झालाय, पण शालूच्या चुण्या हिरव्या चॅनलमध्ये असतात. चॅनल पॅनलमध्ये एकटा हिरवा चॅनल उघडून बघा, गडद राखाडी रंगात नक्षी सापडेल. मग चॅनल मिक्सरचा अॅडजस्टमेंट लेयर घ्या, आउटपुट रेड ठेवा, रेड १०० वरून ८५ वर आणा आणि ग्रीन १५ करा. बेरीज १०० च राहिली पाहिजे, नाहीतर राखाडी आणि पांढऱ्या भागांवर रंग चढेल. वरच्या उदाहरणात २५५ चा लाल आता साधारण २२१ होतो, आणि जिथे हिरवा २० आहे तिथे आणि जिथे ५० आहे तिथे लालचा आकडा वेगळा येतो. सपाट पट्ट्यात पुन्हा उठाव येतो. मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, हे फक्त शालूपुरतं ठेवा, चेहऱ्यावर जाऊ देऊ नका. त्यावर थोडा कर्व्हज (उजेड-काळोखातला फरक वाढवणारं साधन) दिला की बहुतेक फोटो अल्बममध्ये घालण्याजोगे होतात. तिन्ही चॅनल एकाच जागी २५५ झाले असतील तर मात्र तिथे उसनं घ्यायलाही काही उरत नाही.

इथेच सॅचुरेशन आणि व्हायब्रन्स यांतला फरक कामाला येतो. सॅचुरेशन सगळ्या रंगांना एकसारखं ओढतं, आधीच काठावर असलेल्या लालला भिंतीत ढकलतं. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त आणि गडद रंगांना कमी वाढवतं, आणि त्वचेच्या रंगाला जपतं. लग्नाच्या फोटोंत मी सॅचुरेशनचा मुख्य स्लायडर वापरतच नाही.

हळदीचे चेहरे राखाडी, मांडवातले चेहरे हिरवे

व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाच्या रंगाची वजाबाकी. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: साधा पिवळा बल्ब २,७०० ते ३,००० च्या आसपास, हॅलोजन ३,२००, दुपारचं ऊन साधारण ५,५००, सावली ७,००० च्या पुढे. एडिटिंगमध्ये गोंधळ होतो तो असा की आकडा वाढवला तर फोटो पिवळा होतो. कारण तिथे तुम्ही सॉफ्टवेअरला "उजेड निळा होता" असं सांगता, आणि ते निळं कमी करतं.

हळदीच्या कार्यक्रमात ऑटो व्हाइट बॅलन्स वापरू नका. फोटोभर पिवळं बघून सॉफ्टवेअर तो उजेडाचा दोष समजतं, निळं मिसळतं आणि चेहरे राखाडी पडतात. एका फोटोत आयड्रॉपरनं बॅलन्स ठरवा आणि त्याच जागी, त्याच उजेडात काढलेल्या सगळ्या फोटोंना तेच आकडे लावा. आयड्रॉपर कुठे टेकवायचा हेही महत्त्वाचं. पांढरंशुभ्र धोतर किंवा सदरा बघून हात तिकडेच जातो, पण कपड्याला शुभ्र करणारी द्रव्यं उन्हातल्या किंवा फ्लॅशच्या अतिनील किरणांनी निळसर चमकतात. तिथे टेकवलं की सगळा फोटो नको इतका पिवळा होतो. राखाडी काहीतरी शोधा: स्टीलच्या पातेल्याची रंगहीन सावली, सिमेंटचा खांब, करडा कोट. आणि २५५ ला टेकलेल्या पांढऱ्यावर कधीच नाही.

मांडवातल्या स्वस्त एलईडीनं चेहरे हिरवट झाले असतील तर केल्विनशी झगडू नका. तो दोष टिंटचा, म्हणजे हिरवा ते किरमिजी या दुसऱ्या स्लायडरचा आहे. एका बाजूनं हॅलोजन आणि दुसऱ्या बाजूनं एलईडी असेल तर एकच बॅलन्स अख्ख्या फोटोला पुरणार नाही. मास्क करून दोन बाजू वेगळ्या सोडवाव्या लागतात.

पत्रिकेवर आणि पुस्तिकेवर रंग मेला

स्क्रीन उजेड मिसळून रंग करते, छपाई शाई मिसळून. सीएमवायके म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई. या चार शायांना झळझळीत पोपटी, राणी, केशरी आणि गडद निळा हे स्क्रीनइतके झेपत नाहीत. स्क्रीनवर २५५, १५३, ५१ ठेवलेला केशरी पेटल्यासारखा दिसतो, चार शायांत तो तेवढा पेटत नाही, आणि यात प्रेसवाल्याचा दोष नसतो. तोच रंग हवा असेल तर पाचवी वेगळी शाई लावावी लागते आणि तिचे पैसे पडतात. निळ्याची आणखी एक खोड आहे: ०, ०, २५५ छापलं की जांभळं येतं. छपाईतला निळा निळाच दिसायला हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा तीसेक टक्के कमी ठेवा.

हे छापून आल्यावर कळण्यापेक्षा आधी बघता येतं. प्रेसकडून त्यांचं प्रोफाइल मागून घ्या, ते फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये निवडा आणि कंट्रोल-वाय दाबा. याला सॉफ्ट प्रूफ म्हणतात. शिफ्ट-कंट्रोल-वाय दाबलं की न झेपणारे रंग राखाडी होऊन दिसतात. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असतानाच हे दाखवावं, म्हणजे छापून आल्यावर वाद होत नाही.

पत्रिकेतली बारीक अक्षरं फुटलेली, रंगीत कडांची दिसत असतील तर काळा रंग तपासा. आरजीबीतला काळा फोटोशॉपच्या अमेरिकी डीफॉल्ट प्रोफाइलनं सीएमवायकेत नेला की तो ७५, ६८, ६७, ९० असा चारही शायांचा होतो. चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली की अक्षराभोवती रंगाची किनार उमटते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, म्हणजे के १००, बाकी तीन शून्य असाच ठेवा. शायांची एकूण बेरीजही बघा. गुळगुळीत कागदाला ३०० टक्क्यांच्या आसपास चालते, वर्तमानपत्राच्या कागदाला साधारण २४०. त्यापुढे शाई वाळत नाही आणि मागच्या पानावर डाग पडतात.

फोटो लॅबला मात्र सीएमवायके देऊ नका. फोटो पेपरवर छापणाऱ्या त्यांच्या यंत्राला एसआरजीबीतलं जेपेगच लागतं. "छपाई म्हणजे सीएमवायके" एवढं ऐकून अख्खा अल्बम कन्व्हर्ट करून पाठवला, तर सुरुवातीलाच निम्मी झळाळी गेलेली असते आणि ती परत येत नाही.

लहान-मोठ्या इतर तक्रारी

"फोटो ७२ डीपीआयचा आहे, चालणार नाही" असं कुणी म्हटलं तर आधी पिक्सेल मोजा. छपाईच्या आकारात इंचाला किती पिक्सेल बसतात हे त्या आकड्यानं कळतं, फोटोत मुळात पिक्सेल किती आहेत ते नाही. इमेज साइजमध्ये रिसॅम्पलची खूण काढा आणि ७२ चे ३०० करा: एकही पिक्सेल बदलत नाही, फक्त इंच कमी होतात. १२ बाय १८ इंचाच्या पानाला ३०० नं ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेल. लांबून बघायच्या दहा फुटी फ्लेक्सला ७२ पुरतात.

व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तोच फोटो १२ इंच रुंद छापला तर इंचाला १३३ पिक्सेल उरतात, आणि चेहरा मेणाचा दिसतो. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मागवा.

लाल अक्षरांच्या किंवा नथीच्या कडांभोवती घाण दिसत असेल तर ते जेपेगचं कॉम्प्रेशन आहे. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून तपशील गाळतं, आणि बहुधा रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईनं साठवतं, म्हणून तांबड्या कडा आधी फुटतात. प्रत्येक वेळी उघडून सेव्ह केलं की गाळणी पुन्हा लागते. काम फोटोशॉपच्या पीएसडी, गिंपच्या एक्ससीएफ किंवा टिफ फाइलमध्ये ठेवा आणि जेपेग अगदी शेवटी काढा.

आकाशात किंवा स्टुडिओच्या पडद्यावर पायऱ्या पायऱ्या दिसत असतील तर त्याला बँडिंग म्हणतात: २५६ पायऱ्यांना फार ओढलं की मधल्या गळतात. झूम १०० टक्के करून खात्री करा. रॉ असेल तर १६ बिटमध्ये पुन्हा उघडा. ८ बिटचं जेपेग १६ बिट केल्यानं गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत; तिथे अगदी थोडं नॉइज मिसळलं की पट्टे मोडतात.

एवढं करूनही अडलं आणि कुणाची मदत मागायची असेल तर स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात तुमच्या मॉनिटरचं प्रोफाइल मिसळलेलं असू शकतं. मूळ फाइल आणि बिघडलेली फाइल दोन्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत दोन्हींचं प्रोफाइल, बिट डेप्थ, एकाच जागेचे आर-जी-बी आकडे, कोणत्या सॉफ्टवेअरमधून कोणत्या आज्ञेनं एक्स्पोर्ट केलं, आणि छापलं असेल तर लॅबमध्ये की प्रेसमध्ये व कोणत्या कागदावर, हे लिहा. छापील प्रतीचा फोटो काढायचाच असेल तर तो दिवसाउजेडी, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून काढा. ट्यूबलाइटखाली तीच प्रत वेगळी दिसते.